बारा वर्षांचा कब्जा

आमच्याकडं लग्नामुंजीला पाहुणे जमले, जेवणं झाली, की कोणीतरी हमखास म्हणतं, "शैलाताईला तिच्या केसची गोष्ट सांगायला लावा." केस माझी नव्हती. मी तिच्यात वकील नव्हते, पक्षकार नव्हते, साक्षीदारसुद्धा नव्हते. मी ती केस फक्त सुचवली, आणि सुचवताना एक खोटं बोलले. सांगताना मी ती गोष्ट माणसं बघून वाकवते. भाचरं समोर असली की हसू वाढवते, नणंदा असल्या की माझं खोटं जरा लहान करते. लिहिताना मात्र तशी वाकवता येत नाही असा अनुभव आहे, म्हणून सावकाश लिहिते.

गुलमंडी म्हणजे आमच्या शहराचा जुना बाजार, त्याच्या मागच्या एका बोळात आमचं घर होतं. दोन खोल्या, पुढं ओटा, आणि भिंतीला भिंत लावून एका कापडदुकानाचं गोदाम. त्यामुळं माझ्या लहानपणाचा आवाज कोणता, असं कोणी विचारलं तर मी कापड फाडल्याचा सांगेन. दात लावल्यासारखी बारीक चीर, मग एका दमात सर्रकन थान दोन. आई त्या आवाजावर चिडायची, कारण तिला वाटायचं आपलंच लुगडं गेलं. सकाळी ती येसर भाजायची. धने, जिरं, खोबरं, डाळी, सगळं तव्यावर तांबूस झालं की बोळातून जाणारे लोक पाय हळू करायचे, आणि गोदामातला गडी मुद्दाम पाणी मागायला यायचा. आईला हे कळत होतं. पाण्याबरोबर ती वाटीभर येसराची आमटीही द्यायची आणि वर म्हणायची, "कापड जरा हळू फाडत जा."

ओट्यावर आबा बसायचे. आबा म्हणजे माझे आजोबा. ते आमच्याकडं राहत, सिल्लोडला थोरल्या मुलाकडं नाही. थोरला मुलगा म्हणजे आमचे नानाकाका. सिल्लोडला त्यांची मक्याकापसाची आडत होती, घर मोठं होतं, आणि आबांशी त्यांचं बोलणं नव्हतं. कशावरून बिनसलं ते दोघांनीही कधी सांगितलं नाही. आम्हा मुलांना एवढंच ठाऊक, की दिवाळीला नानाकाकांकडून फराळाचा डबा येतो आणि आबा त्यातली फक्त शेव खातात.

दसरा झाला की त्या ओट्यासमोर हौसामाय येऊन उभी राहायची. हौसामाय धनगराची. खांद्यावर घोंगडी, हातात झाकणाचा पितळी डबा, डब्यात शेळीच्या चिकाचा खरवस. ओट्याच्या दोन पायऱ्या होत्या, ती खाली बोळातच उभी राहायची. "आबा, यंदा बी बसावं म्हणते." आबा तंबाखू मळत वर न बघता म्हणायचे, "बस की." एवढं झालं की मग ती पायऱ्या चढायची, डबा आईकडं द्यायची, आणि पुढचा तासभर मोठ्या आवाजात जगाच्या बातम्या सांगायची. आधी मात्र ती एक पाऊल वर टाकत नसे. एकदा पाऊस आला होता. आई आतून ओरडली, "अगं वर तर ये." ती भिजत उभी राहिली, कारण आबा तेव्हा मोरीत होते.

ती बसायची ते आमच्या पडीत. जळगाव रोडला, शहर सोडून थोडं पुढं, आमची मुरमाड जमीन होती, तिला कधी नांगर लागला नाही म्हणून तिचं नाव पड. निजामाचं राज्य बुडवणारी पोलीस ॲक्शन झाली, त्याच्या पुढच्या साली हौसामाय आणि तिचा नवरा म्हाळू मेंढरं घेऊन तिकडून चालले होते. ती सांगायची, "त्या साली कोण कोणाला रानात उतरू देत नव्हतं बाप्पा. अनोळखी माणूस दिसला की काठ्या बाहेर. तीन गावांनी हाकलून लावलं. आबा रस्त्यानं चालले व्हते. मपल्या मालकानं इचारलं, बसू का? आबा म्हनले, बस की." त्या दोन शब्दांवर ती दोघं तिथं राहिली. म्हाळूनं मुरमात आड खणला, दगड रचून मेंढवाडा केला, पुढं एक घर केलं. पोरं मोठी झाली, मेंढरं घेऊन रानोरान फिरू लागली. म्हातारी माणसं मात्र पडीतच राहिली. आणि तरी दरसाली दसऱ्यानंतर विचारणं होतंच.

मला हे सगळं चहा विचारण्यासारखं वाटायचं. आपण विचारतो, समोरचा हो म्हणतो, दोघांनाही उत्तर आधीच माहीत असतं. त्यात काही कायदा असेल असं डोक्यात आलं नाही. पुढं मी कायदा शिकायला लागले तेव्हाही आलं नाही, हे विशेष.

आबा गेले. तेराव्याला नानाकाका आले, डोळे कोरडे ठेवून बसले, आणि महिन्याभरात वाटणी झाली. पड नानाकाकांच्या नावावर गेली. ती त्यांना नकोच होती, पण आमच्या अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, काहीच नको होतं, त्यामुळं प्रश्न सुटला. अण्णा शाळेत भूमिती शिकवायचे आणि घरी फक्त वर्तमानपत्र वाचायचे. पुढच्या दसऱ्याला हौसामाय आली, ओट्याखाली उभी राहिली, आबांच्या रिकाम्या जागेकडं बघत अण्णांना म्हणाली, "अण्णा, यंदा बी बसावं म्हणते." अण्णांनी पेपर खाली केला. जमीन त्यांची नव्हती. पण एवढं समजावून सांगण्यापेक्षा हो म्हणणं सोपं होतं, म्हणून ते म्हणाले, "बस की." असं त्यांनी चौदा दसरे म्हटलं.

त्या चौदा वर्षांत शहर जळगाव रोडनं पुढं सरकलं. जिथं कोल्हे ओरडायचे तिथं प्लॉटिंगचे दगड दिसू लागले. नानाकाकांना कोणीतरी सांगितलं, की तुमच्या मुरमाला आता सोन्याचा भाव आहे. ते गाडी करून पड बघायला गेले, तर तिथं घर, आड, मेंढवाडा, तुळस, आणि दारात कुत्रं. नानाकाका अण्णांकडं आले नाहीत की हौसामायशी बोलले नाहीत. ते सरळ कोर्टात गेले. त्यांची ती सवयच होती. वीतभर बांधासाठी शेजाऱ्याशी ते वर्षानुवर्षं भांडले होते आणि एकही तारीख चुकवली नव्हती. घरात लाल फडक्यात बांधलेले केसचे बस्ते रचून ठेवलेले असत, आणि लोक देवाला हात जोडतात तसं ते सकाळी त्यांच्याकडं एकदा बघत.

हौसामाय एक दिवस भलत्याच महिन्यात आली. पदराच्या गाठीतून तिनं कोर्टाचा कागद काढला. "शैले, तू कायदा शिकती नव्हं? वाच." मी वाचलं. नानाकाकांच्या दाव्यात लिहिलं होतं, की प्रतिवादी बाईनं पाच वर्षांपूर्वी जबरदस्तीनं अतिक्रमण केलं आहे, तिला उठवून जमिनीचा ताबा मिळावा. मी ते मोठ्यानं वाचत होते आणि हौसामाय माझ्या तोंडाकडं बघत होती. म्हाळू जाऊन दोन वर्षं झाली होती. ती म्हणाली, "आड खनला त्यालाच धा वर्सं लागली मालकाला. पाच कुठून आनली?" मग, "मला आता कुठं जायचं व्हनार नाय गं. पोरं फिरस्ती. मी त्यांच्यामागं चालू का?" आई चुलीपाशी होती. तिनं तव्यावरची भाकरी उलटली नाही, ती करपली. आमच्या घरात भाकरी करपणं म्हणजे केवढी गोष्ट, हे आईला ओळखणाऱ्यालाच कळेल.

मी तेव्हा लॉ कॉलेजच्या पहिल्या वर्षात होते. पहिल्या वर्षातला वकील हा फार धोक्याचा प्राणी असतो. त्याला सगळीकडं कलमं दिसतात. मी तर दूधवाल्याशीसुद्धा कराराच्या भाषेत बोलत होते. मुदतीचा कायदा आम्हाला नुकताच शिकवला होता, आणि त्यातली एक गोष्ट माझ्या मनात जाऊन बसली होती: मालक झोपला, दुसऱ्यानं त्याची जमीन उघडपणे, अखंड, मालकासारखी बारा वर्षं वापरली, तर मालकाचा हक्क संपतो. मला हे कवितेसारखं वाटलं होतं. आळशी मालक, कष्टाळू कब्जेदार, बारा वर्षांचं तप. मी हौसामायचा हात धरला आणि म्हणाले, "तुला कोणी उठवू शकत नाही."

गुलमंडीवरच एका जिन्याच्या टोकाला सिद्दीकी वकिलांची बैठक होती. निजामाच्या काळात उर्दूत वकिली शिकलेला माणूस, सत्तरीचा, शेरवानीची दोन बटणं कायम उघडी. मी सगळी हकीगत धाडधाड सांगितली. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "हौ. कब्जा मुखालिफाना. मालकाच्या विरोधातला कब्जा. बेटी, तुझ्या आजोबांनी बसवलं तोवर तो कब्जा विरोधातला नव्हता, ती इजाजत होती. पण आजोबा गेले, इजाजत गेली. तिथून चौदा बरस. बारा पाहिजेत. देखो, दोन जास्तीच आहेत." मी हौसामायकडं विजयानं बघितलं. ती जिना चढून दमली होती आणि भिंतीवरचं घड्याळ बघत होती. मग वकिलांनी डोळे उघडले. "एकच बात. आजोबा गेल्यावर तिनं कोणाला विचारलं का? बसू का म्हणून? एकदाही?"

मी "नाही" म्हणाले. मला वाटतं त्याआधी आणि त्यानंतर कुठल्याच प्रश्नाचं उत्तर मी इतक्या चटकन दिलेलं नाही. ओटा, पितळी डबा, अण्णांचा खाली झालेला पेपर, सगळं त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढं आलं, आणि चौदा वर्षं चहा विचारण्यासारखी वाटलेली गोष्ट काय होती ते मला त्या जिन्याच्या टोकाला कळलं. विचारलं म्हणजे परवानगी मागितली. परवानगी मागितली म्हणजे मी मालक नाही असं कबूल केलं. मग बारा काय, बाराशे वर्षं बसलं तरी उपयोग नाही. हौसामायनं माझ्याकडं बघितलं. मग परत भिंतीवरच्या घड्याळाकडं. शिकलेल्या पोरीला भरल्या बैठकीत खोटं पाडावं, असं तिला वाटलं नसावं.

त्यानंतर चार महिने मी तिला आमच्या स्वयंपाकघरात साक्ष शिकवली. आई भाकऱ्या थापायची, मी वकील व्हायची, हौसामाय शेंगा सोलत साक्षीदार. मी वहीत प्रश्न लिहिले होते. "तुम्ही तिथं कशा राहता?" "घर बांधून." "मालकासारख्या?" "व्हय, आड आमचा, घर आमचं." "कोणी कधी अडवलं?" "कोनीच नाय." इथपर्यंत ती छान म्हणायची. "कोणाला विचारून बसलात?" असा प्रश्न आला तर फक्त "आबांनी बसवलं" एवढंच म्हणायचं आणि थांबायचं, असं मी शिकवलं होतं. मी तिला खोटं बोलायला सांगत नव्हते, असं मी स्वतःला सांगत होते. मी फक्त चौदा दसरे गाळायला सांगत होते. अण्णा एकदा दारात येऊन ऐकत उभे राहिले. म्हणाले, "पण शैले, ती तर दरवर्षी मला विचारायची."

"अण्णा, तुम्ही ते विसरा."

"मी विसरीन," अण्णा म्हणाले. "मला काय, मी प्रमेयंसुद्धा विसरतो. ती विसरेल का?"

हौसामायनं शेंगांची टरफलं गोळा केली, पदरात घेतली आणि बाहेर टाकायला उठून गेली.

साक्षीच्या दिवशी अदालत रोडवर आम्ही लवकर पोचलो. हौसामायनं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं, आणि ऊन असूनही घोंगडी खांद्यावर होतीच. नानाकाका समोरच्या बाकावर बस्ता मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. शाळेत असताना ज्या पुतणीला त्यांनी इतिहासाच्या सनावळीची पुस्तकं आणून दिली होती ती समोरच्या बाजूला बसलेली, याचा त्यांना किती राग आला असेल ते आता कळतं. तेव्हा मला आपण फार शूर आहोत असं वाटत होतं.

सिद्दीकी साहेबांचे प्रश्न झाले. हौसामाय वहीतल्यासारखं बोलली. घर, आड, मेंढवाडा, चौदा वर्षं, कोणी अडवलं नाही. न्यायाधीश लिहून घेत होते. मग नानाकाकांचा वकील उलटतपासणीला उठला. तरुण होता, आवाज मोठा होता. त्याच्या डोक्यात एवढंच होतं, की बाई गुंड आहे हे दाखवायचं. टेबलावर बोट आपटत त्यानं विचारलं, "माझं म्हणणं असं, की तुम्ही मालकाला किंवा दुसऱ्या कोणालाही न विचारता त्या जमिनीत घुसलात आणि न विचारताच राहिलात. बरोबर?"

सिद्दीकी साहेब खुर्चीत सरळ झाले. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. समोरच्यानं पंचपक्वान्नांचं ताट स्वतःच्या हातानं आणून पुढं ठेवावं तसं झालं होतं. एवढंच व्हायला हवं होतं, की हौसामायनं "व्हय" म्हणावं. न विचारता घुसले, न विचारता राहिले, चौदा वर्षं. या एका शब्दावर पड तिची होत होती, आणि तो शब्द शत्रूच्याच वकिलानं तिच्या तोंडाशी आणून दिला होता. मी बाकाची कड घट्ट धरली.

हौसामायनं घोंगडी सारखी केली. "न इचारता नाय," ती म्हणाली.

वकील गोंधळला. न्यायाधीशांनी मान वर केली. ते वयस्क होते, त्यांच्या लगेच ध्यानात आलं. ते म्हणाले, "बाई, प्रश्न नीट ऐका. तुमचे वकील म्हणतात तुम्ही स्वतःच्या हक्कानं राहिलात. तुम्ही कोणाला विचारलं असं म्हणालात तर ते तुमच्या विरुद्ध जाईल. विचार करून सांगा."

"विरुद्ध जाऊ दे साहेब. आबा व्हते तवर आबांना इचारलं. आबा गेल्यावर अण्णाला इचारलं. दरसाली, दसरा झाला की."

"पण जमीन तर या नानांची आहे."

"कागदात कोनाची त्ये मला काय ठावं. आबा ज्या वट्यावर बसायचे त्या वट्याम्होरं जाऊन इचारलं."

"आणि हे आत्ता सांगायचं कारण?"

हौसामायनं पिंजऱ्याच्या कठड्यावर हात टेकले. मग ती न्यायाधीशांना समजावून सांगू लागली, ज्या सुरात ती आईला शेळीचं दुखणं समजावून सांगायची त्याच सुरात. "साहेब, आमचा धंदा काय हाय? लोकांच्या रानात मेंढरं बसवायची. रात्रभर बसली की रानाला खत व्हतं, शेतकरी आमाला दानं देतो. पन इचारल्याबिगर धनगर कोनाच्या रानात पाय ठेवीत नाय. ठेवला की संपला. मपली दोन लेकरं आत्ता या घडीला कोनाच्या तरी रानात बसलेली हायेत. त्यांची माय कोर्टात उभी राहून म्हनली, मी न इचारता बसले, तर उद्या त्यांना कोन बसवून घेईल? एक पड मिळंल, आन समदी रानं जातील." मग नानाकाकांच्या वकिलाकडं वळून ती म्हणाली, "आन तू पोरा, माहीत नसताना असं बोलू नये."

कोर्टात कोणीतरी हसलं. वकील म्हणाला, "आणखी प्रश्न नाहीत," आणि बसला. त्याला आपण जिंकलो हे कळायला थोडा वेळ लागला. सिद्दीकी साहेबांनी डोळे मिटून घेतले होते. मला वाटलं ते चिडलेत, पण ओठ हलत होते, हसत असावेत. मी मात्र नानाकाकांकडं बघत होते. त्यांच्या मांडीवरचा बस्ता घसरून खाली पडला होता आणि त्यांनी तो उचलला नव्हता. पाच वर्षांपूर्वी जबरदस्तीनं घुसली, असं त्यांनी शपथेवर सांगितलं होतं. त्यांना खरंच तसं वाटत असेल, निदान अर्धं तरी. आता ती बाई त्यांच्याच बाजूची साक्ष देऊन पिंजऱ्यातून उतरत होती.

जिना उतरताना सिद्दीकी साहेब मला म्हणाले, "बेटी, चाळीस बरस झाले. मुवक्किल, म्हणजे पक्षकार, खोटं बोलतो आणि मी खरं शोधतो, हा माझा पेशा. आज मुवक्किल सच्ची, आणि तिला घेऊन येणारी..." मी पायऱ्या मोजत खाली आले. फी त्यांनी घेतली नाही. हौसामायनं त्यांना पुढं एक घोंगडी नेऊन दिली, ती त्यांनी घेतली.

निकाल व्हायचा तोच झाला. हुकूमनामा नानाकाकांच्या बाजूनं, जमिनीचा ताबा त्यांना द्यावा. मी अपिलाची भाषा काढली तर हौसामाय म्हणाली, "इचारून बसलेलं मानूस, मालक म्हनला की उठतं. त्यात आपील कसलं?" कोर्टाच्या व्हरांड्यात ती नानाकाकांसमोर जाऊन उभी राहिली. "नाना, कवा उठू?" नानाकाका छत्री उघडत होते. पाऊस नव्हता, ऊनही नव्हतं. छत्रीकडं बघतच ते म्हणाले, "कापूस जाऊ दे आधी. मला आता वेळ नाही."

हुकूमनामा हातात आला म्हणून जमीन हातात येत नाही. त्यासाठी पुन्हा कोर्टात अर्ज करावा लागतो, त्याला दरखास्त म्हणतात. मग बेलिफ येतो आणि माणसाला उठवतो. नानाकाकांसारख्या माणसाला हे काम एका दुपारचं. त्या वर्षी कापूस गेला, दरखास्त पडली नाही. मग मका आला. मग त्यांच्या मुलीचं लग्न. प्लॉटिंगवाले सिल्लोडला खेपा घालत, आणि नानाकाका त्यांना चहा पाजून सांगत, "यंदा लावतोच दरखास्त."

हौसामाय आता दसऱ्यानंतर आमच्या ओट्याशी येईना. मालक कोण ते तिला कोर्टानं सांगितलं होतं. ती खरवसाचा डबा घेऊन एसटीनं सिल्लोडला जायची, आडतीच्या पायऱ्यांखाली उभी राहायची आणि म्हणायची, "नाना, बसू का उठू?" यावर नानाकाका काय म्हणतात ते मला तिनंच चिडून सांगितलं. "काय म्हनायचंय, काहीच म्हनत नाय. बस म्हनत नाय, ऊठ म्हनत नाय. मेंढरं किती झाली इचारतो. मग म्हनतो, हौसा, आबा त्या साली रस्त्यावर भेटले तवा त्यांच्या अंगात काय व्हतं गं? पटका कोनता व्हता? मी सांगते. दरसाली त्येच सांगते. चहा पाजतो आन घरी धाडतो." आबांच्या तरुणपणीचं सांगणारं माणूस आता तीच एक उरली होती.

माझं शिक्षण पुरं झालं, सनद मिळाली, काळा कोट शिवला. तो कोट मी अंगात तीन महिने घातला. उलटतपासणीला उठले, की समोरचा साक्षीदार घोंगडी सारखी करील असं वाटायचं. मग मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवू लागले, आणि हक्क व कर्तव्यं या धड्याला कोणी प्रश्न विचारला नाही की मला हायसं वाटायचं.

धाकट्या भावाच्या लग्नाची पत्रिका द्यायला मी सिल्लोडला गेले, तेव्हा नानाकाकांना काठी लागली होती. आडतीत मक्याची रास पडली होती, हवेत त्याचा कोंडा उडत होता. त्यांनी पत्रिका वाचली, तारीख दोनदा वाचली, घडी करून खिशात ठेवली. कोर्टानंतर आम्ही त्या विषयावर कधी बोललो नव्हतो. त्या दिवशी तेच म्हणाले, "शैले, तू कायदा शिकलीस. हुकूमनाम्याची दरखास्त किती वर्षांत लावावी लागते?"

"बारा, काका."

"आपल्या पडीच्या हुकूमनाम्याला किती झाली?"

मला माहीत होतं. मी शाळेच्या डायरीत मोजत होते. "गेल्या महिन्यात बारा पुरी झाली. आता ती लावता येणार नाही. आता तिला तिथून कोणीच उठवू शकत नाही."

"असं होय," नानाकाका म्हणाले. जन्मात एक तारीख न चुकवलेला माणूस काठीच्या मुठीवर हनुवटी टेकून मक्याच्या राशीकडं बघत राहिला. "राहूनच गेलं बघ."

मी पदरानं डोळे पुसले, वर कोंडा गेला म्हणून सांगितलं. मग मी म्हणाले, "आता जाताना पडीवर उतरते. हौसामायला सांगते."

"तिला सांगू नकोस," नानाकाका घाईनं म्हणाले. त्यांनी गड्याला चहा आणायला पिटाळलं, तो बाहेर जाईपर्यंत थांबले, आणि मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "सांगितलंस तर यायची बंद होईल ती."